फक्त विवाहित स्त्रियांसाठी

होलिहेडच्या धक्क्यावर रात्रपाळी असली,
डब्लिनची शेवटची बोट सुटली,
की पहाटेपर्यंत तिकीटखिडकीत मी आणि हीटर.
तेव्हा शोधते.

तीन हिवाळे शोधलं तिला.
लाउरी पॅरी, बेथेस्डा, पाटीच्या दगडाचं गाव.
यंत्र म्हणायचं, असं कुणी नाही.
लोरी, लॉरी, लावरी, पारी, पेरी,
नाही, नाही.
तुम्हाला लुई म्हणायचंय का?

मला लुई म्हणायचं नव्हतं.
परवा कंटाळून म्हटलं, बरं, लुई.
आणि उघडली:
लुई पॅरी, पुरुष, वय चव्वेचाळीस, विधवा.

कुठल्याशा दूरच्या शहरात
नावामागे इतके पैसे या बोलीवर टंकणाऱ्याला
विधवा पुरुषाचं काही वाटलं नव्हतं.
मी एकटीच हसले. काच धुकटली.
मग पैसे भरून मूळ पान उघडलं.

पान तिच्या हातचं.
एकोणीसशे अकरा, एप्रिलची दुसरी, रविवारची रात्र.
त्या रात्री या छपराखाली जो निजेल
त्यालाच मोजायचं, असा शिरगणतीचा नियम.
अक्षर पाटीवर गिरवून शिकलेलं,
टाक दाबून धरलेला, जणू दगडच फोडायचाय.
पॅरीतल्या वायची शेपटी
खाली मुलाच्या नावात शिरलेली.

एम्रिस, मुलगा, तेरा, खाणीत हरकाम्या.
गेनोर, मुलगी, सात, शाळा.
भाषा: वेल्श. दोन्ही. वेल्श.
त्याखाली चौथ्या ओळीत
टिबी, मांजर, वय माहीत नाही.

मांजरावर लाल रेघ,
कारकुनाने पट्टी लावून ओढलेली.
(मांजराला शिर नसतं का? असो.)

तशीच दुसरी रेघ वर, तिच्या स्वतःच्या ओळीत.
त्या रकान्याच्या माथ्यावर छापलंय:
फक्त विवाहित स्त्रियांसाठी.
विधवेने भरायचा नसतो.
तिने भरला.
लग्नाला वर्षे, एकोणीस.
जिवंत जन्मलेली मुले, नऊ.
हयात, दोन.
वारलेली, सात.

मी मोठं करत गेले, अजून मोठं.
लालाचे नुसते ठिपके झाले,
काळं तसंच राहिलं.
काळी शाई आधीची ना.

आजोबा सांगायचे, आम्ही दोघंच.
पाव कापताना कुणी विचारलं तर, दोघंच.
आणि सुरी पुन्हा चालू.
त्यातला तो 'च'
मला परवा ऐकू आला.

सातांची नावं नाहीत.
त्या चौकोनात एका आकड्यापुरतीच जागा.
चॅपेलची वही म्हणे ओलीने गेली.
दोन शिरगणत्यांच्या मध्ये दहा वर्षं असतात;
तेवढ्यात येऊन, रांगून, खोकून
परत जाता येतं
एकाही मोजणीला न सापडता.

कोपऱ्यात एक बटण असतं: चूक कळवा.
मी लुईची लाउरी केली.
पुरुषाची बाई केली.
पुरावा काय, असं आलं.
लिहिलं, मी तिची पणती.
तपासून कळवू, एकवीस दिवस.

सातांसाठी पुष्कळ वेळ
पान वरखाली करत राहिले.
त्यांची काही चूक झालेली नव्हती,
मग कळवणार काय.

पाचला लॉऱ्या लागायला लागल्या.
पहिला ड्रायव्हर, डोळे तांबारलेले.
विचारलं, गाडीत किती जण?
एकटाच, म्हणाला. मग, जरा थांबून,
म्हणजे मागे कुत्रा आहे. म्हातारी आहे.
नाव काय तिचं, मी विचारलं.

रकाना नव्हता.
समासात लिहिलं.